दिवसातून तीन चुका, जेवणानंतर

“आता माझ्या वर्गात कुणी झोपून दाखवावं!”

रविवारी संध्याकाळी भूगोलाचे सर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, छाती पुढे काढली आणि ही गर्जना केली. छाती बेताचीच होती, पण होती तेवढी सगळी काढली.

बायको भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, “आधी चप्पल बाहेर काढा. मग झोपवा नाहीतर उठवा.”

सरांनी चप्पल बाहेर काढली. छातीही थोडी आत गेली.

आता मंडळी, या सरांची ओळख करून घ्यायला हवी. देव प्रत्येकाच्या गाठोड्यात चिमूट चिमूट भीती बांधून देतो. कुणाला पालीची, कुणाला सासूची. सरांच्या वेळी मात्र देवाचा हात सैल सुटला असावा! सर कुत्र्याला भीत, कुत्र्याच्या मालकाला भीत, आणि दोघंही गावाला गेलेले असले तर त्यांच्या रिकाम्या फाटकाला भीत. फोन वाजला की दचकत, आणि फार वेळ वाजला नाही तर त्याहून जास्त दचकत. पण या सगळ्या भीतींची थोरली बहीण होती सातवी ‘अ’! पट बेचाळीस, तास पाचवा, वेळ मधल्या सुट्टीत डबे फस्त करून आल्यानंतरची.

पहिल्याच वर्षी सरांनी घाईघाईत फळ्यावर सूर्य काढला आणि तो पश्चिमेला उगवला. वर्ग असा हसला, असा हसला, की शेजारच्या वर्गातल्या बाई हातातला खडू तसाच धरून बघायला आल्या. त्या दिवशी सरांनी कानाला खडा लावला. पुस्तक नाकासमोर धरायचं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं आणि नजर वर उचलायची नाही. पुस्तक चुकत नाही, म्हणजे आपणही चुकत नाही!

सर चुकायचे नाहीत खरे. पण वर्ग पहिल्या परिच्छेदाला जांभया द्यायचा, दुसऱ्याला माना टाकायचा आणि तिसऱ्याला सूर लावायचा. एका पोराचं तर नावच ‘उशी’ पडलं होतं. तो दप्तरावर गाल टेकवायचा तो थेट शाळा सुटायच्या घंटेलाच उचलायचा. गालावर दप्तराच्या बकलाचा ठसा कायमचा.

रोज वर्गाच्या उंबरठ्यावर सर क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचे, “देवा, एवढा तास पार पाड.” देव दयाळू. पंचेचाळीस मिनिटं लावायचा, पण पार पाडायचा.

यंदा मात्र नुसत्या प्रार्थनेवर भागणार नव्हतं. सर दोन वर्षं ‘तात्पुरते’ होते. तिसऱ्या वर्षी तपासनीस साहेब येणार, शेवटच्या बाकावर बसून तास बघणार आणि एक ओळ लिहिणार. त्या ओळीवर सर एकतर कायम, नाहीतर घरी! गेल्या वर्षी साहेबांनी चित्रकलेच्या सरांचा तास बघितला होता. “ते सर आता मेव्हण्याच्या रंगाच्या दुकानात डबे पुसतात,” असं शिपाईमामा चहा देता देता सांगायचे आणि वर विचारायचे, “साखर ठीक आहे ना?”

तर त्या रविवारी शिक्षकांचं शिबिर होतं. घोगऱ्या आवाजाच्या एक बाई बोलल्या. “वर्ग जागा ठेवायला पैसा लागत नाही! बाक फिरवून मांडा. धड्याआधी कोडं घाला. जुन्या चेंडूची पृथ्वी करा. मुलांनाच एकमेकांना शिकवू द्या. आणि हो, अधूनमधून मुद्दाम चूक करा. मुलं पकडतात का बघा!”

या शेवटच्या वाक्याला सरांच्या अंगावर काटा आला. पण हा काटा निराळा होता. मुद्दाम चूक! म्हणजे खरोखरची चूक झाली, तरी ती मुद्दाम केली होती असं म्हणता येईल! दोन वर्षं उघड्यावर भिजणाऱ्या माणसाला कुणीतरी छत्री दिली होती, तीही फुकट.

“म्हणजे पगार घेऊन चुका करायच्या?” बायकोने विचारलं.

“अगं, मुद्दाम करायच्या!”

“आणि आजवर आपोआप व्हायच्या त्या?”

“त्या आता ओळखूच येणार नाहीत! गर्दीत मिसळून जातील!”

बायकोने प्रथमच मान वर केली. “अहो, एवढी अक्कल होती तर इतके दिवस कुठे ठेवली होतीत?”

सरांनी हे कौतुक समजून घेतलं.

रात्रीचं जेवण होईपर्यंत सगळी सामग्री जमली. बायको दवाखान्यात औषधं द्यायची. तिथली गोळ्यांची छोटी कागदी पाकिटं घरात होतीच. सरांनी ठरवलं, तासाला किती मुद्दाम चुका करायच्या तो आकडा चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी पाकिटात घालून ते चिकटवून बंद करायचं आणि पाकीट फळ्याशेजारच्या खिळ्याला कपड्याच्या चिमट्याने लटकवायचं. तास संपला की उघडायचं. पाकिटावर दवाखान्याची छपाई होतीच: ‘दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर’. पाचवा तास जेवणानंतरच असल्यामुळे तीही बदलावी लागली नाही!

राहिली घंटी. सरांनी स्वतःच्या सायकलची घंटी काढली आणि लाकडाच्या ठोकळ्यावर बसवली. चूक सापडली की वाजवायची. दुसऱ्या दिवसापासून सर सायकलवरून जाताना तोंडानेच “बाजूला व्हा हो, बाजूला व्हा” म्हणू लागले, तेही इतक्या हळू की फक्त त्यांनाच ऐकू जायचं.

सोमवारी पाचवा तास. “देवा, एवढा तास पार पाड,” म्हणून सर आत शिरले. जुन्या फुटबॉलला निळा रंग देऊन केलेली पृथ्वी टेबलावर ठेवली. नियम सांगितले. बेचाळीस चेहरे, त्यांपैकी एकेचाळीस उघडे. उशी आडवा.

सर घसा खाकरून म्हणाले, “पृथ्वीला सूर्याभोवती एक फेरी मारायला... अं... एक आठवडा लागतो.”

शांतता. माशीसुद्धा थबकली. सरांच्या पाठीवरून घामाची एक धार निघाली, ती थेट मोज्यापर्यंत.

मग पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, राग नाकाच्या शेंड्यावर, वर्गातलं नाव ‘मिरची’. तिने घंटीवर अंगठा दाबला. ट्रिंग!

“सर, चूक! वर्ष लागतं!”

“शाब्बास!” सर ओरडले. खरंतर ओरडायचं नव्हतं, सुटकेने आवाज फुटला.

आणि मंडळी, काय सांगू! वर्गात वीज खेळली. पोरं बाकाच्या कडेवर येऊन बसली. सरांचा प्रत्येक शब्द सोनार नथ पारखतो तसा पारखू लागली. शनिवारपर्यंत घरून धडा वाचून यायची, पुस्तक मांडीवर उघडं ठेवायची. पुढच्या सोमवारी तर चमत्कार झाला. दप्तरावरून एक गाल उठला आणि बकलाच्या ठशासकट म्हणाला, “सर, चंद्र ताऱ्यांत नाही मोडत.”

“उशी बोलला! उशी बोलला!” वर्गाने बाकं बडवली. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

फक्त एकदा पंचाईत झाली. पाकिटात निघाल्या तीन, आणि पोरांनी पकडल्या चार!

“सर, चौथी कुठली?” मिरचीने विचारलं.

सरांचा हात पुस्तक पुन्हा नाकासमोर धरायला निघाला. पण छत्री होती ना! “ती... ती बोनस!”

वर्ग खूश. त्या दिवसापासून ‘बोनस चूक’ ही एक मानाची वस्तू झाली. बोनस रोज निघायचा. एके दिवशी तर पाकिटात दोन आणि बोनस पाच निघाले. पण सरांना त्याचं काही वाटेनासं झालं. पुस्तक नाकासमोरून खाली आलं. नजर वर उठली. सर चक्क शिकवू लागले!

इथेच कथा संपती तर मी ती सांगितलीच नसती.

पोरांना चूक पकडायची चटक लागली, आणि चटक काही पाचव्या तासाची घंटा झाली म्हणून दप्तरात बसत नाही. एके सकाळी परिपाठाला मुख्याध्यापिका भाषणाला उभ्या राहिल्या. सगळी शाळा त्यांना ‘मोठ्या बाई’ म्हणायची. त्या व्हरांड्यातून गेल्या की कुंड्यांतली झाडंसुद्धा ताठ उभी राहायची.

“आपल्या शाळेला यंदा पंचवीस वर्षं पूर्ण झाली...”

“चूक!”

एक नाही, बेचाळीस आवाज!

शिपाईमामांच्या हातातली पाण्याची कळशी तिरकी झाली ती तिरकीच राहिली. भूगोलाचे सर खांबाआड गेले. खांब अरुंद होता, दोन्ही बाजूंनी सर दिसत होते.

“कोण म्हणालं?” मोठ्या बाईंनी विचारलं.

मिरची पुढे आली. “बाई, पायरीच्या दगडावर साल कोरलंय. त्याच्यावरून सव्वीस होतात. बोनस का हो ही?”

त्याच दुपारी ऑफिसात बोलावणं आलं. मोठ्या बाईंच्या समोरच्या खुर्चीत एक ड्रायव्हर बसला होता, सातवी अ मधल्या एका मुलीचा बाप.

“सर,” तो काकुळतीला येऊन म्हणाला, “काल जेवताना माझ्या मुलीने माझ्या सात चुका काढल्या. मी म्हटलं, काढू दे, हुशार आहे. पण त्यातल्या पाच बायकोसमोर हो! आता बायको विचारते, पाकिटात किती होत्या?”

ड्रायव्हर गेल्यावर मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्या जास्त भीतिदायक दिसायच्या.

“गुरुवारी तपासनीस साहेब येतायत. पाचव्या तासाला. सातवी अ.”

“हो... हो बाई.”

“घंटी वाजणार नाही. कुणी ‘चूक’ म्हणणार नाही. आणि तुम्ही एकही चूक करणार नाही. मुद्दामसुद्धा नाही! कळलं? नाहीतर तुमच्यासाठी मी काही करू शकणार नाही. चित्रकलेच्या सरांसाठीही नाही करू शकले.”

सरांना कुठूनतरी रंगाच्या डब्यांचा वास आला.

बुधवारी पाचव्या तासाला सर आले ते निम्मेच. निम्मे गुरुवारात होते. त्या दिवशी पाकिटात ‘तीन’ लिहिलेलं. दोन चुका केल्या, त्या पकडल्या गेल्या, आणि काळजीपायी तिसरी करायचीच राहून गेली! शेवटी सर खडू खाली ठेवून म्हणाले, “मुलांनो, उद्या साहेब येणार आहेत. उद्या मी एकही चूक करणार नाही. घंटी वाजवायची नाही. आवाज करायचा नाही.”

मिरचीने पाकीट उघडलं. तीन. बोटांवर मोजलं. दोन. मग तिचा चेहरा उजळला. ट्रिंग!

“सापडली! सर, उद्या एकही चूक करणार नाही, हीच तिसरी!”

“अगं नाही, नाही! हे खरं आहे!”

वर्ग खदखदून हसला. उशीने तर डोळा मारला. “कळलं सर. साहेबांना कळू द्यायचं नाही, असंच ना?”

“तसं नाही रे बाळांनो...” सर सांगायला गेले, तेवढ्यात घंटा झाली. बेचाळीस पोरं हसत बाहेर पळाली, आणि जाताना प्रत्येक जण तोंडावर बोट ठेवून सरांकडे बघत गेला.

त्या संध्याकाळी सरांना घास उतरेना.

“एवढं काय घाबरायचं?” बायको म्हणाली. “चुका करायच्या नाहीत, एवढंच ना?”

“अगं, मला मुद्दाम करायच्या तेवढ्या थांबवता येतात. बाकीच्या माझ्या हातात कुठे आहेत?”

बायकोने ताट बाजूला सारलं. मग तिने पर्समधून एक कोरं पाकीट काढलं. “यात शून्य लिहा आणि लावा. मुलं तुमच्यावर नाही, पण पाकिटावर विश्वास ठेवतील.”

सरांनी लिहिलं. हात इतका थरथरत होता की शून्याला कोपरे आले.

गुरुवार. मधली सुट्टी संपली. सरांनी घंटी टेबलाच्या खणात, फडक्याखाली लपवली. शून्याचं पाकीट खिळ्याला लावलं. दारात मोठ्या बाई उभ्या राहिल्या. तपासनीस साहेब आले. उंच, वाळके, कपडे कडक इस्त्रीचे आणि चेहराही. काही न बोलता शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि वही उघडली. बेचाळीस पोरांनीही वह्या उघडल्या. सगळे ताठ, तोंडाला कुलूप, डोळे मात्र मांजराने उंदराच्या बिळावर लावावेत तसे सरांवर!

“देवा,” सर पुटपुटले, “एवढा तास पार पाड. बाकीचे नाही पाडलेस तरी चालतील.”

मग म्हणाले, “पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारते, त्या काळाला आपण वर्ष म्हणतो.”

टिक!

बेचाळीस पेन्सिली एकाच वेळी बेचाळीस वह्यांवर टेकल्या. सर दचकले. हे काय? मग डोक्यात प्रकाश पडला, आणि मंडळी, तो प्रकाश पडला नसता तर बरं झालं असतं! पोरं चुका मोजत होती. ‘आवाज करायचा नाही’ असं सरांनीच सांगितलं होतं. आज्ञाधारक पोरं आवाज न करता खुणा करत होती.

“म्हणजे... वर्ष नव्हे, महिना!”

टिक!

“दिवस! दिवस म्हणायचं होतं मला!”

सन्नाटा. पेन्सिली वर. सरांनी कपाळ पुसलं ते खडूच्या हाताने. कपाळावर पांढरा पट्टा उठला.

मंडळी, घंटी परवडली. घंटी वाजली की निदान कुणीतरी सांगतं काय चुकलं. इथे नुसतं टिक! आपण खड्ड्यात पडलो एवढं कळायचं, खड्डा कुठला ते कळायचं नाही. सरांनी पृथ्वी उचलली. टिक! उचलण्यात काय चूक? बघतात तो पृथ्वी उलटी, दक्षिण ध्रुव वर! घाईने सुलटी करायला गेले तर चेंडू हातातून सुटला, टेबलावर आपटला आणि टप्पे घेत दाराशी, मोठ्या बाईंच्या पायांशी गेला. मोठ्या बाईंनी पृथ्वी उचलली आणि सरांकडे असं बघितलं, की सरांना पृथ्वीने आत्ताच पोटात घ्यावं असं वाटलं. पण पृथ्वी बाईंच्या हातात होती.

“तर... सूर्य पूर्वेला मावळतो...”

टिक!

“चंद्राचा स्वतःचा प्रकाश...”

टिक!

टिक टिक टिक! सरांना वाटलं, आपण एका मोठ्या घड्याळाच्या पोटात उभे आहोत आणि ते आपलीच वेळ मोजतंय. शेवटच्या बाकावर साहेबही लिहीत होते.

अखेर साहेब उठले. हात पाठीशी बांधून पुढे आले. “सातवी ब ना ही?”

टिक.

साहेब थांबले. इकडेतिकडे बघितलं. “बरं. सूर्यमालेतल्या नऊ ग्रहांची नावं कोण सांगेल?”

टिक!

“हा आवाज कसला?”

वर्ग चिडीचूप. साहेबांनी मिरचीची वही उचलली. “या रेघा कसल्या?”

मिरचीने सरांकडे बघितलं. सर मान हलवत होते. ती ‘नको’ची होती, पण थरथर इतकी होती की ‘हो’चीही वाटत होती. मिरची उभी राहिली.

“चुका मोजतोय साहेब.”

“कुणाच्या?”

“सरांच्या अकरा. तुमच्या दोन. ही सातवी अ आहे, आणि ग्रह आता आठच मोजतात. मोठ्या बाईंची अजून एकही नाही. त्या बोलल्याच नाहीत.”

दारात पृथ्वी दुसऱ्यांदा खाली पडली.

“अकरा?” साहेब हळू आवाजात म्हणाले. “आणि या चुका सर रोज करतात?”

“रोज तीन तरी असतात. मुद्दाम! आम्ही पकडायच्या. त्या पाकिटात आकडा असतो,” उशी उत्साहाने म्हणाला. “जास्त निघाल्या तर बोनस!”

साहेब खिळ्याशी गेले. चिमटा काढला. पाकिटावरची छपाई वाचली, भुवई वर गेली. चिठ्ठी काढली. सर्वांना ऐकू जाईल अशी वाचली.

“आजच्या मुद्दाम चुका: शून्य.”

आता सांगा मंडळी, माणसाने जावं कुठे? ज्या छत्रीखाली सर महिनाभर उभे होते, ती त्यांनी आजच स्वतःच्या हाताने मिटून खिळ्याला टांगली होती! शून्य मुद्दाम, म्हणजे अकराच्या अकरा खऱ्या!

तेवढ्यात मिरची ओरडली, “साहेब, शून्य हीच बारावी! सर आम्हाला फसवतायत!”

“हो साहेब! बारावी, बारावी!” सगळा वर्ग उठला. पोरांना खरंच तसं वाटत होतं. साहेबांनी सरांकडे वळून बघितलं. “असं आहे का, सर?”

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम. दोन वर्षांची भीती सरांच्या कानात ओरडत होती, म्हण, म्हण, कायम होशील! समोर बेचाळीस चेहरे होते. एकही झोपलेला नाही, एकही हसत नाही. सगळ्यांना खात्री, की आपले सर चुकतात ते आपल्यासाठीच.

सरांनी टेबलाचा खण ओढला. फडक्याखालून घंटी काढली. त्यांनी अंगठा घंटीवर ठेवला. एकदाच वाजवायची होती, पण हात इतका कापत होता, की ट्रिंग-ट्रिंग-ट्रिंग-ट्रिंग, थांबेचना! बाहेर शिपाईमामांना वाटलं शाळा सुटली, आणि शेजारचे दोन वर्ग दप्तरं घेऊन बाहेर पडले.

घंटी थांबली तेव्हा सर म्हणाले, “खऱ्या होत्या, साहेब. सगळ्या खऱ्या. बोनसही सगळे खरेच होते. मला... मला भीती वाटते ना, म्हणून होतं असं.”

वर्ग सुन्न. साहेबांनी चिठ्ठीची घडी घातली. मग त्यांनी उशीला उभं केलं. “पहिली चूक काय? बरोबर उत्तर काय?”

“दिवस, साहेब. वर्ष नाही.”

दुसरी, तिसरी, अकरावी. एकाने एक, दुसऱ्याने दुसरी, पान नंबरासकट! साहेब विचारत गेले, पोरं सांगत गेली.

“हे सगळं तुम्हाला कधी शिकवलं?”

मिरचीने विचार केला. “आत्ताच साहेब. चुकता चुकता.”

साहेबांनी वही मिटली, पाकीट खिशात टाकलं आणि निघून गेले. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. घाबरणाऱ्या माणसाला याहून वाईट काय द्यावं?

पुढचे पंधरा दिवस सर ‘देवा, एवढा दिवस पार पाड’ म्हणून काढत होते. रंगाच्या दुकानावरून जाताना रस्ता ओलांडायचे. वर्गात मात्र आता मुद्दाम चूक करत नव्हते. गरजच नव्हती. पोरांनी घंटी ठेवून घेतली होती, आणि सर चुकले की मिरची ती अगदी हळू, आजारी माणसाच्या उशाशी वाजवावी तशी वाजवायची. “घाबरू नका सर, छोटीच आहे.”

सोळाव्या दिवशी पत्र आलं. सरांनी ते बायकोच्या हातात दिलं आणि स्वतः दाराआड उभे राहिले.

“वाच. पण एकदम नको.”

“‘कच्ची प्रत,’” बायको वाचू लागली. “‘वर्ग पूर्ण जागा आढळला. आपणांस दिनांक ३१ जूनपासून सेवेत कायम करण्यात येत आहे. मजकूर तपासून घ्यावा. चूक आढळल्यास कळवावे, म्हणजे पक्की प्रत देण्यात येईल.’ अहो! कायम झालात!”

सर दाराआडून बाहेर आले. बायकोचे दोन्ही हात धरले, चक्क दोन गिरक्या घेतल्या! मग बायको अचानक थांबली.

“थांबा. जूनला दिवस किती?”

“तीस.” सरांचे पाय तिथेच थिजले. “अगं, मग ३१ जून... तो तर कधीच यायचा नाही!”

पत्राला खाली काहीतरी टाचलेलं होतं. गोळ्यांचं छोटं पाकीट. ‘दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर’. बायकोने ते फाडलं. आत एक चिठ्ठी, कडक इस्त्रीच्या अक्षरात: ‘मुद्दाम चुका: एक. सापडल्यास माझ्या ऑफिसात, माझ्यासमोर येऊन घंटी वाजवावी.’

बायकोला हसू आवरेना. “किती गोड माणूस आहे हो! जा, उद्याच जा. घंटी घेऊन जा.”

“साहेबांसमोर? त्यांच्याच ऑफिसात? त्यांच्याच चुकीवर?” सरांचा चेहरा खडूसारखा झाला.

पत्र आलं त्याला आता चार महिने झाले. मिरची रोज शाळा सुटताना घंटी सरांच्या पिशवीत घालते आणि रोज सकाळी ती तशीच बाहेर काढते. बायको रोज विचारते, “कधी जाताय?”

“उद्या जातो गं,” सर म्हणतात. “एवढी घाई काय आहे? ३१ जूनच्या आत गेलं म्हणजे झालं!”